आपल्या गावातल्या बेघर माणसांची मोजणी कशी करायची, आणि ती माहिती कुणाला कशी द्यायची

पहिल्यांदा वही घेऊ नका, फॉर्म छापू नका, मोबाईलमध्ये ॲपही टाकू नका. रात्री साडेदहा-अकराला आपल्या गावच्या एसटी स्टँडवर जाऊन चहा घ्या आणि तासभर नुसतं बसा. असं चार-पाच रात्री करा, एकदा स्टँड, एकदा रेल्वे स्टेशन, एकदा सरकारी दवाखान्याच्या गेटसमोर, एकदा देवळाच्या नायतर दर्ग्याच्या बाजूला, एकदा नदीच्या घाटावर. आम्ही मिरजेत सुरू केलं तेव्हा हे केलं नव्हतं. सरळ फॉर्म घेऊन निघालो आणि पहिल्याच ठिकाणी एक म्हातारी आजी आम्हाला बघून काही न बोलता उठली आणि अंथरूण गुंडाळायला लागली. तिला वाटलं आम्ही उठवायला आलोय. त्या रात्री आम्ही एकही फॉर्म भरला नाही, परत आलो, आणि मग सगळं नव्याने शिकलो. दुसऱ्या गावातली पोरं-पोरी आता विचारतायत की तुम्ही कसं केलं, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी हे बघू की मोजायचं कशासाठी. २०११ च्या जनगणनेत देशात बेघर माणसं १७.७३ लाख निघाली, त्यातली ९.३८ लाख शहरांत, आणि महाराष्ट्रात साधारण २.१ लाख. ही मोजणी झाली एका रात्रीत, २८ फेब्रुवारी २०११ च्या. आता एका रात्रीत प्रगणक कुठंकुठं पोचणार, बंद दुकानाच्या फळीखाली, पुलाखाली, हातगाड्यावर झोपलेला माणूस किती जणांना दिसणार, हा विचार तुम्हीच करा. आणि तो आकडा आता जुना झालाय, पुढची जनगणना २०२७ ची. मधल्या काळात कोविड येऊन गेला, आमच्याकडं २०१९ चा आणि २०२१ चा महापूर येऊन गेला, किती घरं मोडली त्याचा या आकड्यात पत्ताच नाही.

दुसरं असं की सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलंय की मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागं एक निवारा पाहिजे, बारा महिने चोवीस तास चालू. सांगली-मिरज-कुपवाड मिळून २०११ ला पाच लाखाच्या थोडं वर लोकसंख्या होती, म्हंजे हिशोबाने पाच निवारे. पण निवारा कुठं पाहिजे, बायकांसाठी किती खाटा पाहिजेत, म्हातारी किती, व्हीलचेअर लागणारी किती, नवराबायको पोरांसकट किती, हे लाखाच्या हिशोबातून कळत नाही. निवारा गावाबाहेर आणि माणसं स्टेशनवर, मग खाटा रिकाम्या राहतात आणि कागदावर असं दिसतं की गरजच नाही. हे खोडून काढायला आपल्याकडं गल्लीनिहाय, माणूसनिहाय माहिती लागते. ती दुसरं कोणी आणून देणार नाही.

आणि हे आपल्या राज्यात आधी झालेलं आहे. १९८५ साली, ज्या वर्षी सुप्रीम कोर्टाचा फुटपाथवाल्यांचा ओल्गा टेलिसचा निकाल आला त्याच वर्षी, मुंबईत भायखळ्याच्या बाजूला स्पार्क संस्थेने फुटपाथवर राहणाऱ्या साधारण सहा हजार कुटुंबांची मोजणी केली, तिथल्याच बायकांना बरोबर घेऊन. कामाच्या जागी चालत जाता येतं म्हणून लोक त्या फुटपाथवर राहतात हे त्यातनं आकड्यानिशी पुढं आलं. फुटपाथवरच्या बायकांची महिला मिलन ही संघटना त्याच कामातून उभी राहिली. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की ज्यांची मोजणी होती त्याच मोजत होत्या.

आता कामाचं. सगळ्यात आधी टीमने बसून ठरवा की बेघर कुणाला म्हणायचं, आणि ते लिहून काढा. हे सोपं वाटतं पण आमची पहिली तीन तासांची मिटिंग यावरच गेली. जनगणनेचा अर्थ साधारण असा की जो घरात किंवा इमारतीत राहत नाही, उघड्यावर, रस्त्याकडेला, फुटपाथवर, पाईपमध्ये, पुलाखाली, जिन्याखाली, देवळात, प्लॅटफॉर्मवर राहतो तो. ठीक आहे. पण मिरज हे दवाखान्यांचं गाव, इथं कर्नाटकातनं पेशंट येतात, त्यांचे नातेवाईक पंधरा-पंधरा दिवस दवाखान्याबाहेर झोपतात, ते बेघर का? मजूर अड्ड्यावरचा माणूस जो आठ महिने इथं फुटपाथवर आणि चार महिने गावाकडं, तो? माळावर पालं टाकून राहिलेली कुटुंबं? ऊसतोडीच्या कोप्या? आम्ही शेवटी असं केलं की कुणालाच सोडायचं नाही, पण प्रत्येकाचा रकाना वेगळा. पेशंटचे नातेवाईक एक रकाना, हंगामी मजूर एक, पालं एक, आणि ज्याला परत जायला दुसरी जागाच नाही तो एक. बेरीज करताना मग हवं तसं धरता येतं, आणि "तुम्ही आकडा फुगवला" असं कोणी म्हटलं तर रकाने उघडून दाखवता येतात.

त्यानंतर, रस्त्यावर जायच्या आधी, जे कागद आधीच कुठंतरी आहेत ते मागवा. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये फी, महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवावा लागतो, उत्तराची मुदत तीस दिवस. काय मागायचं: शहरात निवारे किती, प्रत्येकाची क्षमता किती, मागच्या बारा महिन्यांत दर महिन्याला किती माणसं राहिली, त्यात बायका किती, शेवटचा बेघर सर्व्हे कधी झाला त्याच्या अहवालाची प्रत. पोलिसांकडं वेगळा अर्ज करून वर्षभरात सापडलेल्या बेवारस मृतदेहांची महिन्यानुसार आणि ठिकाणानुसार संख्या मागा, नावं नकोत नुसती संख्या. हा कागद वाचायला फार जड जातो. पण थंडीत किंवा पावसात कुठल्या भागात माणसं मरतायत हे तो जितकं सरळ सांगतो तितकं दुसरं काही सांगत नाही.

मग नकाशा. गावचा मोठा नकाशा प्रिंट काढा, वॉर्डाच्या हद्दी असलेला, आणि तो घेऊन ज्यांना रात्रीचं गाव माहिती आहे त्यांच्याकडं जा: पहाटेचे झाडूवाले, हमाल, रात्रपाळीचे रिक्षावाले, अंडाभुर्जीची गाडी, एटीएमचा वॉचमन, फुलवाल्या मावशी. "रात्री इथं कोण झोपतं" एवढंच विचारा आणि पेनाने टिंब मारत जा. आम्हाला स्टेशन, स्टँड, लक्ष्मी मार्केट, दर्ग्याचा परिसर, कृष्णा घाट एवढंच माहिती होतं, पण झाडूवाल्या ताईंनी अशा जागा दाखवल्या की जिथनं आम्ही रोज जातो तरी कधी दिसल्या नव्हत्या. नंतर नकाशाचे तुकडे पाडा, एका जोडीला दीड-दोन तासांत चालून होईल एवढा एक तुकडा, आणि हद्द रस्त्याच्या नावाने लिहून द्या की हा फुटपाथ तुमचा आणि समोरचा दुसऱ्या जोडीचा, नाहीतर मधली माणसं दोनदा मोजली जातात किंवा राहूनच जातात.

वेळ कुठली घ्यायची यावर माझं ठाम मत आहे. रात्री साडेदहा ते साडेबारा बोलण्यासाठी, आणि पहाटे चार ते साडेपाच नुसतं मोजण्यासाठी. झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही, कधीच नाही, दिवसभर मार खाऊन त्याला जेमतेम चार तास मिळालेत. त्याच्या तोंडावर टॉर्च मारायचा नाही. झोपलेला असेल तर नुसती टिपण करायची, जागा, अंदाजे वय, बाई की पुरुष, एकटा की कुटुंब, आणि दुसऱ्या दिवशी तो जागा असताना भेटायचं. वर्षात दोनदा करा, एकदा जानेवारीत आणि एकदा जुलैत, कारण थंडीतलं गाव वेगळं आणि पावसातलं वेगळं, घाटावरची माणसं पाणी वाढलं की कुठं जातात हे जुलैतच कळतं. उरूस, जत्रा, वारी, मोठा बाजार असेल तो आठवडा टाळा, किंवा मुद्दाम घ्यायचा असेल तर तसं स्पष्ट लिहा.

बायकांबद्दल वेगळं सांगते, कारण नेहमीच्या मोजणीत त्या दिसतच नाहीत. एकटी बाई रात्री उघड्यावर सहसा आडवी होत नाही. ती दवाखान्याच्या वॉर्डाबाहेर पेशंटची नातेवाईक असल्यासारखी बसून राहते, प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघितल्यासारखी बसते, रात्रभर जागते आणि दुपारी झोपते. म्हणून त्यांची माहिती दुपारी घ्यायची, बाईनेच घ्यायची, आणि सुलभ शौचालय, अन्नछत्र, देवळाबाहेरची रांग अशा ठिकाणी. आमच्या पहिल्या मोजणीत बायका अगदी थोड्या निघाल्या होत्या आणि आम्हाला ते खरं वाटलं होतं. दुपारच्या फेऱ्या सुरू केल्यावर कळलं की आम्ही चुकीच्या वेळी शोधत होतो.

टीम जोडीजोडीने. प्रत्येक जोडीत एक तरी माणूस असा पाहिजे जो स्वतः रस्त्यावर राहिलाय किंवा राहतो, आणि त्याला त्या रात्रीचे पैसे द्यायचे, चहा-वडापाव देऊन भागवायचं नाही. तो माहितगार आहे, त्याच्या ओळखीवर तुमचं काम चालणार आहे. एक जण कानडी बोलणारा ठेवा, सीमेवरच्या गावात राहत असाल तर, आणि हिंदी तर लागतेच. पोलीस ठाण्याला आणि स्टेशनवर जाणार असाल तर रेल्वे पोलिसांना आधी लेखी कळवा, शिक्का मारलेली प्रत खिशात ठेवा, पण वर्दीतल्या कुणाला बरोबर घेऊ नका. कारण भीक मागण्याविरुद्धचा १९५९ चा कायदा अजून आपल्याकडं आहे, वर्दी दिसली की लोक पांगतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

फॉर्म. इथं सगळ्यात जास्त चुका होतात. कॉलेजची पोरं पन्नास प्रश्नांचा फॉर्म करतात, जात, व्यसन, लग्न, मूळ गाव, उत्पन्न. आमचा नियम एकच, ज्या उत्तरावर आपण काहीतरी करणार आहोत तेवढंच विचारायचं. प्रत्येक प्रश्नासमोर लिहा की उत्तर "हो" आलं तर आपण काय करणार, आणि लिहिता आलं नाही तर तो प्रश्न काढा. असं करत आमचे पन्नासाचे बारा झाले. काल रात्री कुठं झोपला होता, आज कुठं झोपणार. इथं किती पावसाळे काढले (किती वर्षं म्हटलं की लोक अडखळतात, पावसाळे म्हटलं की बरोबर सांगतात). बरोबर कोण आहे. काम कुठलं, मिळतं कुठं. आधार आहे, हरवलंय, की काढलंच नाही. रेशनकार्ड चालू आहे का आणि कुठल्या गावचं. मतदार यादीत नाव आहे का. रोजचं औषध चालू आहे का, खोकला किती दिवस. चालायला-दिसायला त्रास. निवाऱ्यात कधी गेलात का, आणि नाही राहिलात तर का. घर कशामुळं सुटलं. आणि शेवटी, काही झालं तर कुणाला कळवायचं.

"तुम्ही बेघर आहात का" असं कुणाला विचारू नका. बरेच जण नाही म्हणतील, कारण त्यांच्या मनात घर आहे, फक्त ते आज त्यांच्याकडं नाही.

आधारच्या प्रश्नात तीन पर्याय का, तर ज्याने एकदा बोटांचे ठसे दिलेत त्याची नवी नोंदणी होत नाही, सिस्टीम परत पाठवते, त्याचं जुनंच शोधून काढावं लागतं, आणि ज्याने कधी काढलंच नाही त्याचं काम पूर्ण वेगळं. एका "नाही" मध्ये दोन्ही टाकलं तर कॅम्पच्या दिवशी सगळा गोंधळ. आधार नंबर मात्र लिहून घेऊ नका, कार्डाचा फोटोही नको, आपल्याला तो लागत नाही. मतदार यादीचंही असंच, नाव घालायचा फॉर्म ६ भरता येतो, बेघर माणसाकडं पत्त्याचा पुरावा मागत नाहीत, बीएलओने, म्हंजे त्या भागाची मतदार यादी बघणाऱ्या माणसाने, रात्री एकापेक्षा जास्त वेळा येऊन बघायचं असतं की माणूस खरंच तिथं झोपतो. हे माहिती नसल्यामुळं कितीतरी लोक यादीबाहेर राहतात.

बोलायला सुरुवात करताना आपलं नाव, कशासाठी आलो, यातनं लगेच घर किंवा पैसे मिळणार नाहीत, नाही बोललात तरी चालेल, मधेच थांबलात तरी चालेल, हे सगळं आधी सांगायचं. खोटी आशा दाखवून माहिती घ्यायची नाही. कोणी रडायला लागलं तर पेन खिशात घाला आणि बसून राहा, फॉर्म राहू दे.

आणि निघायच्या आधीच ठरवून ठेवा की रस्त्यात तातडीचं काही दिसलं तर कोण काय करणार. आजारी असेल तर १०८. एकटं मूल दिसलं तर १०९८. भान हरपलेला, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे त्याला चोवीस तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात नेणं ही पोलीस ठाण्याची जबाबदारी आहे, त्याला कोठडीत ठेवता येत नाही, कलम १०० सांगा. नुसतं मोजून पुढं जायचं असं होता कामा नये.

माहिती भरायला कोबो टूलबॉक्स चांगलं, फुकट आहे, मराठीत फॉर्म होतो आणि नेट नसतानाही चालतं, नंतर नेटमध्ये आल्यावर पाठवता येतं. पण अंधारात मोबाईलची स्क्रीन तोंडावर उजळली की समोरचा माणूस बोलायचा थांबतो, म्हणून आमच्यातल्या निम्म्या जोड्या अजून कागदावरच घेतात आणि दुसऱ्या दिवशी भरतात. दोन्ही चालतं.

एका रात्रीच्या मोजणीत सगळे सापडत नाहीत, मग खरा आकडा किती हे काढायची एक साधी युक्ती आहे. आठवड्याच्या आत दोनदा तोच भाग फिरायचा. समजा पहिल्या रात्री ६० माणसं भेटली, दुसऱ्या रात्री ५०, आणि त्या ५० मधली ३० पहिल्या रात्रीही भेटलेली होती. तर ६० गुणिले ५० भागिले ३०, म्हंजे साधारण १००. आपण मिळून पाहिली ८०, पण वीसेक जण दोन्ही रात्री सुटलेत. हा अंदाज आहे, दोन फेऱ्यांच्या मध्ये लोक आले-गेले तर बिघडतो, म्हणून कागदावर "प्रत्यक्ष भेटलेले" आणि "अंदाज" असे दोन आकडे वेगळे लिहा, एकात एक मिसळू नका.

माणूस परत भेटलाय हे ओळखायला कोड लागतो. आम्ही नावाचं पहिलं अक्षर, आईच्या नावाचं पहिलं अक्षर, अंदाजे जन्मसाल आणि बाई-पुरुष असं मिळून कोड करतो. उत्तरांच्या फाईलमध्ये फक्त कोड. नाव आणि कोडची जोडी एका वेगळ्या वहीत, ती वही कुलुपात, किल्ली दोघींकडंच. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये आलाय तो आहेच, पण कायदा नसता तरी हेच करायला पाहिजे होतं. का ते सांगते. एका गावात, नाव लिहीत नाही, आमच्यासारख्याच एका गटातल्या कुणीतरी उत्साहाने जागांची यादी फोटोसकट व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, तिथनं ती फॉरवर्ड होत कुठं कुठं गेली, आणि दहा-बारा दिवसांत त्यातल्या दोन जागांवरची माणसं सामानासकट हलवली गेली. यादीमुळंच झालं का हे सिद्ध करता येणार नाही. पण त्या लोकांनी आमच्याकडं बोट दाखवलं आणि आमच्याकडं उत्तर नव्हतं. तेव्हापासून फोटो बंद, लोकेशनची पिन बंद, ग्रुपवर फक्त भेटायची वेळ.

माहिती द्यायची कशी तर आधी ज्यांची आहे त्यांना. मोजणी झाल्यावर पंधरा दिवसांत त्याच चहाच्या गाड्यापाशी बसून वाचून दाखवा, एवढी माणसं, एवढी म्हातारी, एवढ्यांचं आधार हरवलंय. आमच्याकडं हे ऐकताना एका काकांनी थांबवून सांगितलं की निवाऱ्यात न जाण्याचं कारण तुम्ही "व्यसन" लिहिलंय ते चूक आहे, तिथं हातगाडी ठेवायला जागा नाही म्हणून लोक जात नाहीत, गाडी चोरीला गेली तर पोट जातं. आम्ही परत जाऊन विचारलं, बरोबर निघालं. तो एक बदल आमच्या सगळ्या मागण्यांत वर गेला.

मग महापालिकेला, समाजकल्याण बघणाऱ्या विभागाला आणि आरोग्य विभागाला, एका पानाचा कागद. जास्त नको, एक पान. वॉर्डनिहाय तक्ता आणि खाली मागण्या, अशा की वाचणाऱ्याला उद्या काय करायचं ते कळेल: दवाखान्याजवळ बायकांसाठी इतक्या खाटा, या तारखेच्या आत आधारचा कॅम्प, निवाऱ्यात हातगाडी ठेवायची जागा. दहापेक्षा कमी आकडा कुठंही छापायचा नाही, शेजारचा वॉर्ड मिळवून द्यायचा, कारण "वॉर्ड अमुक, गरोदर बाई १" असं लिहिलं की ती कोण हे सगळ्या गल्लीला कळतं. पेपरवाल्यांना तोच कागद, जास्तीचं काही नाही. नावांची वही कोणी मागितली, कितीही मोठ्या पदावरच्या माणसाने, तरी त्या-त्या माणसाला विचारल्याशिवाय नाही.

आणि मोजणी वर्षात दोनदा असली तरी यादी दर महिन्याला हलवत राहा. पहिल्या रविवारी दोन तास, जो भेटतो त्याला भेटून तीनच गोष्टी: नवे कोण आले, कोण गेलं आणि कुठं गेलं, कोण परत आलं. याने जे कळतं ते एकदाच्या मोजणीत कधीच कळत नाही. आकडा तोच राहिला तरी आत माणसं बदलत असतात, दहा जण सुटले आणि दहा नवे आले तर नवे कुठनं येतायत तिकडं बघायला पाहिजे, दवाखान्यातनं डिस्चार्ज झाल्यावर, मालकाने काढल्यावर, पोरांनी घराबाहेर घातल्यावर.

"गेलं" या रकान्यात मरण पावले असाही एक भाग आहे, तारीख आणि जागा लिहायची, टाळायचं नाही. मागच्या थंडीत आमच्या यादीतले एक मामा गेले. पोलिसांच्या कागदावर ते अनोळखी म्हणूनच आले होते. पण शेवटच्या प्रश्नाला त्यांनी स्वतःहून भावाचं नाव आणि गाव सांगितलं होतं, ते वहीत होतं, म्हणून भाऊ आला आणि त्यांना गावी घेऊन गेला. त्याच महिन्यात दुसऱ्या एका आजींनी त्याच प्रश्नाला सांगितलं होतं, कुणालाच कळवू नका. तेही तसंच लिहिलंय आणि तसंच पाळणार आहोत.